साळवेकाका आणि पाटीवरचा वेग

साळवेकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले ते हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन. मी "बसा" म्हणायच्या आत त्यांनी त्याचं टोक आमच्या फ्रिजच्या पाठीला टेकवलं, मूठ स्वतःच्या कानाला लावली आणि डोळे मिटून घेतले. काळेवाडीतल्या या बिल्डिंगमध्ये आम्हाला येऊन दोनच दिवस झाले होते, सामान अजून खोक्यात होतं. मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने छताकडे. मिनिटभराने काकांनी डोळे उघडले.

"ह्याचा उजवा पाय अधांतरी हाय. लई घरघर करायलाय ना?"

करत होता. लग्नापासून करत होता. आम्हाला वाटायचं तो त्याचा स्वभावच आहे. काकांनी खोक्याचा पुठ्ठा फाडला, घडी करून पायाखाली सरकवली, आणि फ्रिज गप्प झाला. मग म्हणाले, "मी साळवे. चौथ्या मजल्यावर ऱ्हातो." आणि चहा न घेताच गेले.

मी तशी कुणाचं कौतुक करत फिरणारी बाई नाही. माझ्या नवऱ्याला विचारा, महेशला. पण साळवेकाकांना मी मनोमन हात जोडले ते त्या दिवसापासून.

काका मूळचे लातूरकडचे. महाळुंग्याच्या एका कंपनीत चौतीस वर्षं मेन्टेनन्सला होते. गावाकडची बोली सुटली नाही आणि मशीन ऐकायची सवयही सुटली नाही. "आधी ती काय म्हणायलीय ते ऐका की," असं ते लिफ्टबद्दलसुद्धा म्हणत. "तिसऱ्या मजल्यापाशी कण्हायलीय ती." सोसायटीचे चेअरमन हसले. पुढच्याच आठवड्यात चेअरमनसाहेब दोन पिशव्या भाजी आणि एक कलिंगड घेऊन बरोबर तिसऱ्या मजल्यापाशी पाऊण तास अडकले. तेव्हापासून मीटिंगमध्ये काकांना पुढची खुर्ची मिळते.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे पाटी. प्रत्येक मोटरला, पंपाला एक पत्र्याची पाटी असते, तिच्यावर वेग लिहिलेला असतो. काकांचा तिच्यावर काडीचा विश्वास नाही. "पाटीवर लिहितेत ते कंपनीचं मत. मशीनला कुणी विचारलंय का?" त्यांचं म्हणणं असं, की कंपन्या भितात आणि कमी लिहितात. प्रत्येक मशीनमध्ये थोडा जास्तीचा जीव असतो, तो हळूहळू, मायेनं बाहेर काढायचा.

हाच न्याय त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरला लावला होता. दुकानातला स्वस्तातला घेतला, एका बाजूचा पत्रा काढून ठेवला, आत दोन जादा पंखे बसवले आणि ठरवून दिलेल्या वेगाच्या कितीतरी पुढे नेला. याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. काका म्हणतात, "ओव्हरटाइम लावलाय त्याला." दर अर्ध्या तासाला ते वेग आणि तापमान रजिस्टरमध्ये लिहीत. कंपनीत लिहायचे तसंच, लाल आणि निळ्या पेनाने. आणि एवढ्या पळणाऱ्या मशीनवर करत काय? सकाळी बुद्धवंदना ऐकायची, पत्त्यांचा खेळ खेळायचा आणि रविवारी हैदराबादच्या लेकीशी व्हिडिओवर बोलायचं. बास. महेश म्हणायचा, "काका, भाजी आणायला विमान कशाला राव?" काका नुसते हसायचे.

आता माझं सांगते. मी प्लॅस्टिकच्या साच्यांची डिझायनर. साचा बनवायच्या आधी गरम प्लॅस्टिक त्यात कसं भरेल, कुठे अडकेल, हे सगळं कॉम्प्युटरवर करून बघावं लागतं. मी जिथे नोकरी करत होते ते चाकणचं वर्कशॉप एप्रिलमध्ये बंद पडलं. ओळखीतून एका कारखान्याने विचारलं, घरून कराल का? वीस दिवसांत आठ भागांचं काम द्या. जमलं तर वर्षभर आमचं सगळं काम तुमच्याकडे, नाही जमलं तर राहिलं. मी हो म्हणून बसले. आणि घरच्या जुन्या कॉम्प्युटरला एका भागाला चार दिवस लागत होते.

आठ चोक बत्तीस. मला रडूच कोसळलं.

पिंपरीच्या दुकानात सगळ्यात वेगवान कॉम्प्युटर बघितला. काळाकुट्ट, काचेचा, आत निळे दिवे. किंमत ऐकून महेश तिथल्या स्टुलावर बसला. "थोडा स्वस्तातला घेऊ आणि काकांना सांगू ना ओव्हरटाइम लावायला," तो म्हणाला. दुकानदाराने कपाळाला हात लावला. मी मधल्या मधे लटकले.

काकांना विचारलं, तर ते दहा मिनिटांत स्वतःचंच मशीन उचलून खाली दुसऱ्या मजल्यावर, आमच्याकडे घेऊन आले. लिफ्टने नाही, जिन्याने, पोटाशी धरून. "आठ दिवस ह्याच्यावर करून बघा ताई. मग ठरवा, काय घ्यायचं ते."

दुसऱ्या दिवशी बरोबर नऊला काका हजर. सोबत रजिस्टर, तापमापक आणि त्यांचं लाकडी स्टूल. कॉम्प्युटरशेजारी स्टूल टाकून बसले ते संध्याकाळी सहापर्यंत. रात्री गारव्यात मशीन एकटंच चालायचं. अधूनमधून मला "सरका जरा" म्हणायचे, माउस हातात घ्यायचे, काहीतरी थोडं वरखाली करायचे, डोळे मिटून पंख्यांचा आवाज ऐकायचे आणि मान डोलवायचे. चार दिवसांचं काम एकोणीस तासांत झालं. मी घड्याळ दोनदा बघितलं, मग महेशलाही बघायला लावलं. खोटं नाही सांगत, अंगावर काटा आला.

असे पाच दिवस गेले. तीन भाग कारखान्यात पोचले. काका आता आमच्याकडे पोहे खात होते, माझ्या पोह्यांत मीठ कमी असतं असं बिनदिक्कत सांगत होते. सुमनकाकू पाच वर्षांपूर्वी गेल्या, त्या पोह्यांत शेंगदाणे भाजून मग घालायच्या, हेही एकदा सांगितलं. तिसऱ्या दिवसापासून ते इस्त्रीचा शर्ट घालून येत होते. हे माझ्या लक्षात आलं, पण मी त्याचा काही अर्थ लावला नाही. कामाच्या घाईत होते ना.

सहाव्या दिवशी काका डोळे तपासायला गेले. "मी दुपारनंतर येतो, तुम्ही हात लावू नका," म्हणाले. मी हात लावला नाही. बाहेर मे महिना, वर पंखा गरम हवा फेकत होता. दीडच्या सुमाराला कॉम्प्युटर खटकन बंद पडला. पंधरा तासांचं काम गेलं. पुन्हा पहिल्यापासून.

काका आले, मी सांगितलं, आणि त्यांचा चेहरा पार उतरला. एवढं मोठं चौतीस वर्षांचं नाव, आणि माझ्यापुढे शाळेतल्या पोरासारखे उभे. मी काहीतरी करायचं म्हणून त्यांचं रजिस्टर उघडलं. आजवर मी ते कधी नीट वाचलंच नव्हतं.

सकाळी दहा, एक खाच वर. अकरा, तीच. बारा, एक खाच खाली. साडेबारा, आणखी एक खाली. अडीच, खालीच. चार, एक वर. पाच, दोन वर. रोजचं असंच, पानच्या पान. दुपारी ऊन चढलं की काका वेग उतरवत होते, ऊन उतरलं की चढवत होते. मी पाच दिवस मशीनचं कौतुक करत होते, आणि शेजारी स्टुलावर बसून हा माणूस ते एकेका अंशाने सांभाळत होता.

"मोठं घ्या ताई," काका म्हणाले. "दुकानातलं. काचेचं."

मी चाटच पडले. "तुम्ही म्हणताय? पाटीवर विश्वास ठेवू?"

"ह्यावेळी ठेवा."

"अहो पण काका, तुम्ही आहात की! रोज येता. एक दिवस गेला तर गेला. आपण असाच घेऊ, स्वस्तातला. तुम्ही लावा ओव्हरटाइम." मी मनापासून म्हणत होते. पैसे वाचणार होते, आणि खरं सांगायचं तर काकांची सवयही झाली होती.

काकांनी मान हलवली.

"तुमचं काम वर्षभराचं हाय. असल्या मशीनपाशी माणूस बसावा लागतो, सारखा. उद्या मी पडलो आजारी, तर तुमचा साचा अडकंल. कारखानेवाला थांबत नसतो. माझ्यापायी तुमची रोजी जाऊ नये बघा."

"मग तुम्ही का बसता त्याच्यापाशी? तुम्हाला कुठे कारखान्याला काम द्यायचंय?"

मी थट्टेतच विचारलं. काकांनी रजिस्टर माझ्या हातातून घेतलं, मिटलं.

"पाटीवरच्या वेगानं चालवलं तर ते बिनघोर चालतंय, ताई. कुणी बघायला लागत नाही. मग मी दिवसभर काय करू? सुमन गेली अन् घरात माझी गरज असलेलं काहीच उरलं नाही. ह्याचा वेग वाढवला, तर ह्याला मी लागायलोय. म्हणून वाढवत गेलो."

आठ दिवसांचं बोलणं होतं, त्यांनी सहाव्या दिवशीच स्वतःचं स्टूल आणि मशीन आमच्या घरातून उचललं. "हो, रोज येतो" एवढं म्हणाले असते, तर वर्षभर पोहे खायला आले असते.

काचेचा कॉम्प्युटर आला. महेशने हप्ते बांधून घेतले. राहिलेले पाच भाग त्या मशीनने चौदा-चौदा तासांत उरकले, कुणी शेजारी बसलेलं नसताना. अठराव्या दिवशी शेवटचा भाग दिला आणि कारखान्याने वर्षाचं काम पक्कं केलं. काकांना पेढे दिले, तर म्हणाले, "छान झालं," आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मशीन कामाला लावलं आणि मी मोकळी. तेरा-चौदा तास त्याला माझी गरज नव्हती. मी शेंगदाणे भाजले, पोहे केले, डबा भरला आणि चौथ्या मजल्यावर गेले.

काकांनी दार उघडलं. मागे त्यांचा कॉम्प्युटर जोरात घुमत होता, पत्रा काढलेला, रजिस्टर उघडं, लाल पेन मधे.

"काय झालं? बंद पडलं का?" त्यांनी स्क्रू ड्रायव्हरला हातसुद्धा घातला.

"काही नाही हो काका. सगळं व्यवस्थित चाललंय. मी सहज आले, बसायला."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग डब्याकडे बघितलं. मग कॉम्प्युटरपाशी गेले, उभ्याउभ्याच माउस हातात घेतला आणि एकेक करत वेग खाली आणला, थेट पाटीवर लिहिला होता तिथपर्यंत. घरघर थांबली.

"आता त्याला बघायला लागत नाही," म्हणाले, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.