चारच्या आत गेम लागला पाहिजे

"कुणालाही बोलवायचं नाही. चारच्या आत तुझा गेम लावून दिला नाही, तर उद्यापासून मला मेकॅनिक म्हणू नकोस," रविवारी दुपारी दोन वाजता, जेवणाचे हात पुसता पुसता त्याने बायकोला जाहीर केलं.

मेकॅनिक होता लिफ्टचा. सव्वीस वर्षांत त्याने दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेली कितीतरी माणसं बाहेर काढली होती. त्यात एक न्यायाधीश होते, आणि एकदा तर एक भलंमोठं कपाट व त्याच्यामागे चेपलेले दोन हमाल होते. अशा माणसापुढे टीव्हीखालच्या गेमच्या डब्याची काय मिजास?

डबा मुलीचा. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाताना ती तो मागे ठेवून गेली होती, आणि त्याचा नाद लागला होता तिच्या आईला. मेकॅनिकची बायको शाळेत ग्रंथपाल. आठवडाभर 'हळू बोला' म्हणणारी ही बाई रविवारी चार वाजता लाल मोटार घेऊन शर्यतीत उतरायची आणि वळणावर समोरच्याला बेधडक कठड्यावर ढकलायची. समोरची म्हणजे तिची थोरली बहीण. ताई तीनशे किलोमीटरवर, आपल्या घरात बसून, पिवळी मोटार चालवायची.

यात हसण्यासारखं फार नव्हतं. आईच्या आजारपणात कुणी किती केलं यावरून दोघींचं असं बिनसलं होतं की दोन वर्षं बोलणं बंद होतं. फोन केला की तिसऱ्या मिनिटाला भांडण. मग मुलीने मावशीच्या घरीही असाच डबा बसवून दिला, आणि मोटारी पळवता पळवता दोघी बोलायला लागल्या. डोळे रस्त्यावर असले की जुनं काही उकरायला फुरसत मिळत नसे. पण गेल्या रविवारी भर शर्यतीत पडद्यावर 'कनेक्शन तुटले' आलं आणि आज तर डबा वायफायला लागेचना.

"आज मी दिसले नाही तर ताईला वाटेल मी रुसले," बायको म्हणाली.

"तर मग फोन करून सांग ना."

"फोन केला तर खरंच रुसायची वेळ येईल."

मेकॅनिकने हत्यारांची पिशवी आणली. लिफ्ट असो की डबा, कामाची एक पद्धत असते. आधी दरवाजा बघायचा, कारण दहातल्या नऊ वेळा दोष दरवाजातच असतो. डब्याला दरवाजा नव्हता, म्हणून त्याने पासवर्डपासून सुरुवात केली.

राउटरच्या पाठीवरचा पासवर्ड सोळा अक्षरी होता, आणि मुंगीला वाचता येईल एवढ्या टायपात छापलेला. बायको विजेरी धरून वाचू लागली. तो रिमोटने पडद्यावरची अक्षरं एकेक करून टिपू लागला. "ए कोपऱ्यात, के मधे, आठ वर," असं करत दहा मिनिटांनी सोळावं अक्षर बसलं. डबा म्हणाला, 'जोडता आले नाही.'

"ते शून्य होतं की ओ?" त्याने विचारलं.

"गोल होतं."

पुन्हा दहा मिनिटं. शून्य घालून झालं, ओ घालून झालं. डब्याचं उत्तर एकच. राउटर बंद करून चालू केला, डबा बंद करून चालू केला, दोन्ही बंद करून मेकॅनिकने स्वतः पाच मिनिटं डोळे मिटले. काही फरक नाही. बायकोच्या मोबाइलवर मात्र नेट धो धो येत होतं.

"म्हणजे सिग्नल भिंतीवर आदळतोय," तो म्हणाला. "राउटर उंचावर पाहिजे."

तो घडीच्या शिडीवर चढला आणि राउटर कपाटाच्या डोक्यावर ठेवायला गेला. राउटर पोचला, पण मागची वायर वीतभर कमी पडली. त्याने हलकेच ओढली. त्याचं हलकं म्हणजे लिफ्टच्या मेकॅनिकचं हलकं. भिंतीवरची नेटची डबी दोन स्क्रू आणि पोपडे घेऊन खाली आली, आणि आतापर्यंत नुसता गेम बंद होता तिथे सगळ्या घराचं नेट बंद झालं.

"मुलीला फोन लावू?" बायकोने विचारलं.

"अजिबात नाही."

डबी पुन्हा ठोकून, वायर जोडून, नेट आणेपर्यंत सव्वातीन वाजले. केसांत चुना, शर्टावर चुना. डबा तरीही ढिम्म. बायको पुन्हा पुन्हा घड्याळाकडे बघत होती.

"डबाच खराब असेल," ती शेवटी म्हणाली.

"ते सिद्ध करायला पाहिजे. दुसऱ्याच्या वायफायवर लावून बघतो." एवढं बोलून त्याने डबा काखोटीला मारला आणि तो जिना उतरला.

खालच्या मजल्यावर औषधवाले राहायचे. चौकातलं औषधाचं दुकान त्यांचं. रविवारची दुपार ही त्यांची आठवड्यातली एकमेव झोप. बेल तीनदा वाजल्यावर त्यांनी दार उघडलं. समोर पांढऱ्या केसांचा मेकॅनिक, काखेत काळा डबा, हातात पक्कड.

"काय फुटलं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"काही नाही. तुमचं वायफाय पाच मिनिटं पाहिजे."

औषधवाल्यांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. पण आत घेतलं. त्यांच्या टीव्हीला डबा जोडला, त्यांचा पासवर्ड टिपला, आणि डबा पहिल्या फटक्यात लागला. पडद्यावर लाल मोटार गुरगुरायला लागली.

"डबा ठणठणीत आहे," मेकॅनिक विजयाने म्हणाला. मग त्याचा चेहरा पडला. म्हणजे दोष वरच होता.

"आता तुमचं काम झालं असेल तर मी एक विचारू?" औषधवाले म्हणाले. "गेले आठ दिवस जिन्यात भेटलात की तुम्ही तोंड फिरवता. परवा मी हसलो, तर तुम्ही वीजमीटर वाचायला लागलात. माझं काय चुकलं?"

मेकॅनिक अवघडला. पण ज्याच्या घरात बसून ज्याचं नेट वापरलं त्याच्याशी खोटं कसं बोलणार?

"स्पष्टच सांगतो. गेल्या रविवारी चारनंतर मी मोबाइलवर आमच्या राउटरची यादी बघत होतो. कोण कोण जोडलंय ते त्यात कळतं. माझा फोन, हिचा फोन, आणि तिसरं एक अनोळखी यंत्र. नाव नाही, नुसती अक्षरं आणि आकडे. म्हटलं, खालून कुणीतरी आमचं नेट चोरतंय. म्हणून तिथल्या तिथे त्याला कायमचं ब्लॉक केलं."

"आणि खालून म्हणजे मी?"

"खाली तुम्हीच राहता."

"अहो, मला माझं नेट आहे. आत्ता तुम्ही त्यावरच बसलायत." औषधवाले विचारात पडले. "मग ते तिसरं यंत्र कुणाचं?"

टीव्हीवर लाल मोटार गुरगुरतच होती. दोघांनीही हळूहळू मान वळवली आणि डब्याकडे पाहिलं. मेकॅनिकने तो उलटा केला. पोटावर चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीवर अक्षरं आणि आकडे. त्याने मोबाइलमधली ब्लॉकची यादी उघडली. पहिल्या चार अक्षरांनंतर पुढची बघायची गरज उरली नाही.

"पावणेचार झाले," औषधवाले म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं. "पळा."

तो दोन दोन पायऱ्या चढत घरी आला. स्वयंपाकघरात पाणी प्यायच्या निमित्ताने ब्लॉक काढला, बाहेर येऊन डबा टीव्हीला जोडला, आणि पाहतो तर डब्याची विजेची वायर खालीच राहिलेली. तेवढ्यात औषधवाले ती घेऊन दारात हजर. वायर देऊन ते जातील असं वाटलं होतं, पण ते सोफ्यावर मांडी घालून बसले.

चारला एक मिनिट असताना डबा लागला.

"काय होतं हो?" बायकोने कौतुकाने विचारलं.

"फार तांत्रिक आहे," तो केसांतला चुना झटकत म्हणाला. औषधवाले खोकले.

पडद्यावर पिवळी मोटार उभीच होती. टीव्हीतून ताईचा आवाज आला. "आलीस? मला वाटलं येणार नाहीस."

"का नाही येणार?"

"गेल्या वेळी मी पुढे गेले आणि तू खेळ सोडून निघून गेलीस. कळतं मला."

"ताई, मी सोडून गेले नाही. ते आपोआप बंद पडलं."

"बरोबर तेव्हाच? आईच्या वेळीही तुझं असंच..."

बायकोच्या हातातला रिमोट खाली आला. तिचे ओठ घट्ट मिटले. मेकॅनिकला तो चेहरा माहीत होता. बोलणं बंद होण्याआधी, शेवटचा फोन ठेवताना तो असाच झाला होता. अजून एक वाक्य, आणि मग कुठलंच वायफाय उपयोगाचं नव्हतं.

"ताई," तो टीव्हीसमोर जाऊन उभा राहिला, "ते बंद मी केलं होतं. मला वाटलं कुणीतरी नेट चोरतंय. मी आपल्याच डब्याला ब्लॉक केलं."

बायको त्याच्याकडे वळली.

"म्हणजे दोन तास," ती सावकाश म्हणाली, "तुम्ही तुम्हीच केलेला बिघाड शोधत होतात?"

"चोर मी होतो," औषधवाल्यांनी सोफ्यावरून माहिती पुरवली.

आधी ताई हसली. टीव्हीचा आवाज मोठा असल्यामुळे घरभर हसली. मग बायकोला राहवलं नाही. शर्यत सुरू झाली तरी दोन्ही मोटारी जागच्या जागी उभ्या, आणि दोघी बहिणी डोळे पुसत होत्या.

"अगं, तुमच्या साखरपुड्याला तुझे हे आपल्याच लिफ्टमध्ये अडकले होते, आठवतं?" ताई म्हणाली. "मी दुरुस्त करतो म्हणून आत शिरले आणि अर्धा तास तिसऱ्या मजल्यावर."

"अर्धा तास कसला, पाऊण तास! शेवटी आईने फटीतून पाण्याची बाटली दिली."

आई म्हटल्यावर दोघी क्षणभर थांबल्या. मग ताई म्हणाली, "आणि त्यांनी आतून विचारलं, पाणी गार आहे का?" आणि पुन्हा सुरू झाल्या.

मेकॅनिक चहा टाकायला आत गेला होता. तो गाळणं हातात घेऊन दारात आला.

"दुसरा मजला होता," तो म्हणाला. "तिसरा नाही."