नवसाची मिशी

सुडलैमुत्तू आईबरोबर जाऊन तिरुचेंदूरच्या मुरुगा देवाला डोकं देऊन घरी आला, तेव्हा त्याचे केस गेले होते, दाढी गेली होती, पण मिशी जागच्या जागी होती. तिथल्या न्हाव्याने वस्तरा ओठाकडे नेताच त्याने न्हाव्याचं मनगटच धरलं होतं. अम्माने, म्हणजे आईने, मुरुगाला केस कबूल केले होते, मिशी नव्हे.

दारातच बायको, पेच्चियम्माळ, त्याचा तुळतुळीत गोटा बघून मटकन खाली बसली.

"अहो, हे काय करून आलात?"

"काय म्हणजे? अम्माचा नवस फेडून आलो."

"आणि माझा?"

सुडलैमुत्तूने आईकडे पाहिलं. आई छपराकडे पाहू लागली.

झालं होतं असं. मागच्या महिन्यात केळीच्या बागेत त्याला नाग चावला. त्याला सरकारी दवाखान्यात आत नेलं, तेव्हा व्हरांड्याच्या या टोकाला आईने मुरुगाला नवस बोलला आणि त्या टोकाला बायकोने गावच्या मारिअम्मन देवीला. दोघींनी एकमेकींना पत्ता लागू दिला नाही आणि दोघींनी देवाला तेच एक डोकं देऊ केलं.

"अगं, मला विचारायचं तरी!"

"कुणाला विचारणार? तुमची वाचा बसली होती. आता अम्मनपुढे काय नेऊन ठेवू, नारळ?"

"दिसतोय तसाच," आई हळूच म्हणाली.

"आत्या, तुम्ही बोलूच नका! माझ्या आधी गुपचूप घेऊन गेलात त्यांना!"

"केस वाढले की देऊ की," सुडलैमुत्तूने तोडगा काढला.

"पंगुनी उत्तिरमच्या सणापर्यंत देईन म्हणून कबूल केलंय मी. उत्तिरम उद्यावर आलं."

उत्तिरमचं नाव निघताच सुडलैमुत्तूचा हात आपोआप मिशीवर गेला. त्या दिवशी नदीकाठच्या शास्ता देवाची पालखी निघे आणि पालखीपुढे मशाल धरायचा मान गावातल्या सर्वांत भरदार मिशीला. गेल्या वर्षी तो शंकरपांडीने पटकावला होता आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. साप चावला त्या दिवशी शंकरपांडीनेच त्याला आपल्या ट्रॅक्टरवर घालून दवाखान्यात पोचवलं, असं बायकोने सांगून पाहिलं होतं. "मी मेल्याची खात्री करायला आला असेल मेला," एवढंच सुडलैमुत्तू त्यावर म्हणाला होता. यंदा मिशीला रोज एरंडेल चोळून त्याने ती अशी काही जोपासली होती, की मशाल त्याचीच होती.

न्याय करायला गावचा न्हावी मादस्वामी आला. त्याने ते डोकं चारी बाजूंनी निरखलं, हनुवटी उचलून पाहिली.

"वैनी, इथे देवीला वाहण्यासारखं काही उरलेलं नाही. भुवया म्हणाल तर..."

"भुवयांना हात लाव, मग दाखवतो!" सुडलैमुत्तू ओरडला.

"मग राहिली एकच जागा."

तिघेही मिशीकडे बघू लागले. सुडलैमुत्तूने ती दोन्ही हातांनी झाकली.

"नवसात 'केस' म्हटलं होतंस ना? डोक्याचे का मिशीचे, ते बोलली होतीस?" आईने सुनेला विचारलं.

"नाही बाई. घाईत नुसतं 'ह्यांचे केस' म्हटलं."

"मग सुटला प्रश्न," आई म्हणाली. भर भांडणात सासू-सुनेचं असं एकमत झालेलं त्या घराने पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला अम्मनच्या देवळासमोर कडुनिंबाखाली बसवलं. मादस्वामी वस्तऱ्याला धार लावता लावता उगाच गालात हसत होता. सुडलैमुत्तू उठून पळायच्या बेतात होता, तेवढ्यात त्याची नजर बायकोवर गेली. ती डोळे मिटून, हात जोडून उभी होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. सुडलैमुत्तू पुन्हा नीट मांडी घालून बसला. आपलं हे काळंकुट्ट डोकं खांद्यावर राहावं म्हणून दोन बायका दोन देवांच्या पाया पडल्या, आणि आपण मूठभर केसांसाठी हटून बसलोय! त्याला स्वतःची लाज वाटली.

"काढ रे," तो म्हणाला. "पण लवकर काढ."

दिवेलागणीला तो तोंडाला उपरणं गुंडाळून शास्ताच्या देवळात गेला. शंकरपांडीची ऐट बघावी लागणार म्हणून त्याचा जीव खालीवर होत होता. पण मशाल भिंतीला टेकवलेली होती आणि पुजारी ओरडत होता, "अरे, शंकरपांडी कुठे मेला?"

खांबाआड आणखी एक माणूस तोंडाला उपरणं गुंडाळून उभा होता. वाऱ्याने उपरणं सरकलं. डोकं साफ, ओठही साफ. शंकरपांडी!

"तुझी मिशी?" सुडलैमुत्तू बोलणं बंद असल्याचं विसरलाच.

"शास्ताला दिली. आज सकाळी. तुझ्या आधी."

"कशापायी?"

शंकरपांडी चिडूनच बोलला, "ट्रॅक्टरवर मान टाकलीस तू! मग काय करणार? बोललो शास्ताला, ह्याला वाचव, माझे केस घे, मिशीसकट घे. तू मेला असतास तर मी कुणाच्या नाकावर टिच्चून मशाल धरली असती?"

 घरच्यांनी सुडलैमुत्तूचेच केस देऊन त्याला वाचवलं होतं. पदरचं घालणारा हा एकटाच निघाला. त्याने शंकरपांडीला मिठी मारली. दोन गोटे एकमेकांवर टाणकन आपटले.

"लेको, मशालीचं काय?" पुजारी करवादला.

सगळं गाव एकमेकांच्या ओठांकडे बघू लागलं. या दोघांपुढे आपला पाड लागणार नाही म्हणून बाकीच्यांनी मिशी ठेवणंच कधीच सोडलं होतं. बघता बघता सगळ्यांच्या नजरा मादस्वामीच्या झुरळाच्या मिशांसारख्या चार केसांवर येऊन थांबल्या.

"माझी?" मादस्वामी हरखून म्हणाला. "खरंच माझी?"

मशाल घेऊन तो छाती काढून पुढे निघाला. मागोमाग हे दोघे, मशालीच्या तेलाचा डबा एकेका कडीला धरून. वाटेत सवयीने सुडलैमुत्तूचा हात मिशीला पीळ द्यायला वर गेला आणि रिकामाच खाली आला. शेजारी शंकरपांडीचंही तेच झालं.

"पुढच्या वर्षी बघून घेतो तुला," शंकरपांडी म्हणाला.

"बघ की," सुडलैमुत्तू डोळे पुसत म्हणाला. "आहे ना मी पुढच्या वर्षी."