रंधा आणि काकांची झोप

दार जरासं घासत होतं, इतकंच. दोन केसांइतकं रंधलं की झालं, असं म्हणत ढगोबानं बेडरूमचं दार बिजागऱ्यांतून काढलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. त्याला आता चार महिने होत आले होते. दाराच्या जागी चादर लटकत होती आणि दारावर ओले टॉवेल.

ढगोबा हे हवामान कचेरीतलं नाव. तिथं ढग बघून त्यांची नोंद करायची, हे त्याचं काम. त्यात तो कधी चुकला नाही. ढग कुठंही जावोत, त्याचं मन आधीच तिथं पोचलेलं असे. घरी मात्र तो चहाचं आधण ठेवून दूध आणायला जायचा आणि खिळे घेऊन परतायचा. आळशी, बेफिकीर, अर्धवट, अशी निदानं नातेवाइकांनी फुकटात करून ठेवली होती. (अशा फुकट्या डॉक्टरांना कायदा मोकळं कसा सोडतो, हे एक कोडंच आहे.) शेवटी ऐन चाळिशीत थेरपिस्टबाईंनी सांगितलं, की याला एडीएचडी म्हणतात, हा दुर्गुण नव्हे, मेंदूची घडणच निराळी. त्या दिवशी तो भर रस्त्यात थांबून रडला. (आणि छत्री तिथंच विसरला.)

"उद्या आई येतेय," बायको म्हणाली. "लग्नाआधीच तिनं बजावलं होतं, हा माणूस एक काम तडीस नेणार नाही. तेव्हापासून मी तुमच्या बाजूनं भांडतेय. अहो, एकदा तरी मला जिंकू द्या!"

थेरपिस्टबाईंची एक युक्ती होती. काम करताना शेजारी कुणाला तरी नुसतं बसवायचं. त्यानं बोलायचं नाही, शिकवायचं नाही. सोबत असली की मन फार लांब भटकत नाही. बायकोला नोकरी होती (आणि गप्प बसणं जमतही नव्हतं), म्हणून शेजारचे काका आले. जन्मभर टेलिफोन खात्यात रात्रपाळी केलेले. निवृत्त झाल्यापासून झोप त्यांच्या वाऱ्याला उभी राहत नव्हती.

"मी करायचं काय?"

"काही नाही, काका."

"मग बरोबर माणूस धरलास."

ढगोबानं रंधा फिरवला. सर्रर. लाकडाचा पापुद्रा वळत वळत उठला. त्यातून दुपारचं ऊन मधासारखं झिरपलं. दुसरा हात, तिसरा हात. दार हवं तेवढं झालं. आता ठोकून बसवायचं, म्हणून त्यानं हातोडी उचलली आणि पाहिलं तर काका झोपलेले!

किती महिन्यांनी लागली असेल बिचाऱ्यांना! त्यानं हातोडी अलगद खाली ठेवली. पण रंधा थांबला तशी काकांची पापणी हलली. त्यानं घाईनं आणखी एक हात मारला. पापणी मिटली. थांबला, काका चुळबुळले. फिरवला, काका निवांत. मग तो थांबलाच नाही. काकांचा श्वास आत, रंधा पुढं. श्वास बाहेर, रंधा मागं. पापुद्रे त्याच्या घोट्यांवर, मग गुडघ्यांभोवती पिंजत गेले, उंच आभाळातल्या पिसांच्या ढगांसारखे. खोली हळूहळू जमिनीवरून सुटली. त्याचं मन आज प्रथमच कुठंही गेलं नाही. सगळं आभाळच घरी आलं होतं.

बायकोनं कामावरून येऊन बेल वाजवली तेव्हा संध्याकाळ झाली होती. काका दचकून उठले. "अरे, काय झोप लागली!" दोघांनी मिळून दार बसवलं. बायकोनं दाराच्या कडेवरून हात फिरवला. रेशीम! तिचे डोळे भरून आले. "झालं? अगदी पूर्ण?" तिनं चादर उतरवून घडी घातली आणि दार लोटलं.

दार चौकटीत आलं, चौकटीला न शिवता पलीकडं गेलं, आणि परत आलं. मधे चार बोटं फट.

दुसऱ्या दिवशी सासूबाई दारासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. फटीतून त्यांना आतला पलंग दिसला, पलंगाखालचा मोजाही दिसला.

"आई, हे यांनी केलंय. शेवटपर्यंत," बायको हनुवटी वर करून म्हणाली.

"दिसतंय. शेवटाच्याही पुढं गेलेत. जावईबापू, मी हरले." बायको फुलली. "आता ती चादर तेवढी परत लावा."

इतक्यात काका आत आले. बगलेत उशी. "काय रे, आज कुठलं दार?"

सासूबाईंनी घराचं पुढचं दार लावून घेतलं आणि त्याला पाठ टेकून उभ्या राहिल्या.