स्वावलंबनाचं कापड

फालेसी आजींच्या पत्र्याच्या पेटीत परदेशी मदतीचा सगळा इतिहास घड्या घालून ठेवलेला होता. गावात प्रकल्प आला की बायकांना घोषणा छापलेलं चितेंजे, म्हणजे लुंगीसारखं कापड, मिळे; ते कमरेला गुंडाळून उद्घाटनाला नाचायचं असे. थोरला मुलगा पाठीला बांधला तो संडासांच्या प्रकल्पाच्या कापडात, ताडाला नावाची धाकटी लेक मच्छरदाण्यांच्या. तेव्हाचं कापड जाड असायचं, असं आजी म्हणत.

ताडाला आता रस्त्याच्या कडेला मंदासी, पिठाचे गोड गोळे, तळून विकत असे. तिला आकडी यायची. दवाखान्यातून महिन्याच्या तीस गोळ्या मिळाल्या, तर यायची नाही. मात्र आकडी हा आजार कुठल्याच देणगीदाराच्या प्राधान्यक्रमात नव्हता.

दवाखान्याचे म्वाले साहेब वाट काढणारे गृहस्थ होते. मलेरियाचा निधी होता तोवर त्यांनी ही आकडी तापाच्या रकान्यात नोंदवली. निधी हवामानबदलाकडे वळला, तेव्हा ती उन्हाने येऊ लागली. महिला उद्योजकतेच्या वर्षी ती 'व्यवसायातील अडथळा' ठरली. गोळी तीच, पांढरी.

यंदा देणाऱ्यांच्या देशात सरकार बदललं आणि इथे 'स्वावलंबन' आलं. म्वाले साहेब तीन दिवस आकडी स्वावलंबनात बसवत राहिले. बसेना. गोळ्यांनी परावलंबन वाढतं, असं परिपत्रकातच म्हटलं होतं.

कार्यक्रमाला राजधानी लिलाँगवेहून मदत संस्थेच्या थोकोझानी बाई आल्या. चितेंजे वाटलं गेलं: 'मी माझ्या पायांवर उभी आहे.' नाचून झाल्यावर आजींनी गोळ्यांचं विचारलं. गोळ्या देता येणार नाहीत, पण गोळ्यांशिवाय कसं राहायचं याचं प्रशिक्षण देता येईल, असं बाईंनी फार मायेने समजावलं.

"त्यात काय शिकवता?"

"हाताशी असेल ते साधन वापरायला, आजी."

दुसऱ्या दिवशी बाई अहवालातल्या यशोगाथेसाठी फोटो काढायला आल्या. ताडाला कढईपाशी उभी होती. आजींनी हाताशी असलेलं साधन वापरलं होतं. नवं चितेंजे लेकीच्या कमरेला आवळून त्याचं टोक मागच्या खांबाला बांधलं होतं, झटका आलाच तर उकळत्या तेलात पडू नये म्हणून.

बाई कॅमेरा धरून जराशा घुटमळल्या. मग हळूच म्हणाल्या, "आजी, ती गाठ फोटोत दिसेल हो."

"दिसू दे की, पोरी." आजींनी कापड ओढून घोषणा नीट समोर आणली. "तुमचे वाचणारे अक्षरं वाचतात. संडासांच्या कापडापासून बघतेय मी, गाठीकडे अजून कुणाची नजर गेली नाही."