गावंडे आणि बुटका गहू

चहा आला की गावंडे कप बदलून घेत. त्यांचा माझ्यापुढे, माझा त्यांच्यापुढे. मी पहिला घोट घेईपर्यंत थांबत आणि मगच पीत. किटली एक, आणणारा एक, तरी हे रोज. विचारलं तर म्हणत, "यात काहीतरी हाये बाप्पा."

अकोल्याजवळच्या गव्हाच्या प्रयोगशेतीवर मी भांडारपाल होतो. फावडी, पोती, सुतळी, तराजू माझ्या ताब्यात. वाफे नामदेवराव गावंडे सांभाळत. गडी मूळचा अकोटकडचा, एकटा, क्वार्टरात राहणारा. घरात कुणाला घेत नसत. त्यांचा संशय पोपटांवर होता, उंदरांवर होता, रेडिओवरच्या हवामानावर होता. वजन करताना ते पारड्याखाली हात फिरवून बघत, आणि मग माझ्याकडे.

पासष्टच्या सुमारास परदेशी बुटका गहू आला. आमच्या साहेबांनी शेजारशेजारच्या वाफ्यांत तो आणि आपला उंच देशी बन्सी गहू पेरायला लावला. खत सारखं, पाणी सारखं. जो जास्त उतरेल तो राहणार, दुसरा पुढच्या सालापासून शेतीवरून बाद.

ओंब्या निसवल्या तेव्हा गावंडे बुटक्यापुढे उकिडवे बसले.

"मांडीएवढं पोट्टं अन् ओंबी बापाएवढी! हे जमते कसं?"

"गावंडे, याची काडी आखूड," साहेब म्हणाले. "ताकद दाण्यात जाते. फुटवेही जास्त. तुमचा बन्सी खत मिळालं की नुसता उंच होतो आणि ओंबी भरली की आडवा."

"आडवा होते का कोनी करते?" गावंडे म्हणाले.

त्याच आठवड्यात माझी सुतळी कमी भरली. नवा गुंडा, अर्धा गायब. पहिला संशय गावंडेंवर, कारण ते अचानक माझ्याशी गोड बोलू लागले होते. दुपारी सगळे भाकरी खायला गेल्यावर मी त्यांच्यामागे गेलो.

बन्सीच्या वाफ्यात ते गुडघ्यांवर होते. ठिकठिकाणी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या रोवलेल्या आणि त्यांना गव्हाची ताटं माझ्या सुतळीनं बांधलेली. वारा आला तरी एक काडी लवणार नाही, असा बंदोबस्त.

"तुमी माह्या मागं काहून आले?" चोर मीच असल्यासारखे ते ओरडले.

"ही माझी सुतळी आहे. आणि ही परीक्षेत कॉपी आहे. सोडा, नाहीतर साहेबांना सांगतो."

वाद होईल म्हणून मी तयारीत होतो. पण त्यांनी एकेक गाठ सोडून सुतळी गुंडाळून माझ्या हातात दिली. मला तेच जास्त संशयास्पद वाटलं.

पुढे वारा सुटला आणि बन्सी झोपला. बुटका उभाच. मळणी झाली, वजन झालं. गावंडेंनी दोन्ही पारडी उलटीपालटी करून पाहिली, पण बन्सी हरला तो हरलाच. दुसऱ्या दिवशी ते कामावर आले नाहीत. खळ्याच्या फाटकाची किल्ली त्यांच्याकडे होती, म्हणून मी क्वार्टरावर गेलो.

दाराच्या चौकटीला ओंब्यांचं झुंबर टांगलेलं होतं. मधली वीण जुनी, काळपट पडलेली. तिच्यात खोचलेल्या ओंब्या ताज्या, सोनेरी. दोन चिमण्या लोंबकळून दाणे टिपत होत्या. मी जवळ गेलो.

"हात नका लावू!" गावंडे आतून आले. मग जरा हळू बोलले, "वीण घरवालीची हाये. चिमन्यांसाठी दरसाल नवं इनत होती. थे गेली अन् मले इनता येत नाई. मी तिच्याच विणीत नव्या ओंब्या खोचून राहिलो."

"मग पुढच्या साली बुटक्याच्या खोचा."

"पाहलं खोचून. काडी पुरत नाई, भाऊ. गळून पडते."

किल्ली घेऊन मी परत आलो. आमच्या शेतीवर वाफ्यांच्या अगदी बाहेर एक कडेची ओळ पेरत. गुरांनी तोंड घातलं तरी प्रयोगाला धक्का नको, म्हणून. ती वजनात धरत नसत. तिथे काय पेरायचं ते ठरलेलं नव्हतं. साहेबांना म्हटलं, तिथे बन्सी राहू द्या, बियाणं उरलंय. त्यांनी मान डोलावली.

गावंडेंना सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे बारीक झाले.

"यातून तुमाले काय भेटनार?"

"एक झुंबर. आमच्या दाराला काहीच नाही."

"यात काहीतरी हाये बाप्पा," ते म्हणाले आणि निघून गेले.

पुढच्या सुगीनंतर एका रविवारी ते आमच्या घरी आले. हातात झुंबर. वीण वेडीवाकडी, तीन ठिकाणी सुतळीनं आवळलेली. सुतळी कुठली, ते मी विचारलं नाही. त्यांनी खिळा ओढून पाहिला, शेजारच्या मांजरीकडे रोखून बघितलं आणि झुंबर टांगून ओट्यावर बसले.

बायकोनं चहा आणला. सवयीनं मी माझा कप त्यांच्याकडे सरकवला.

"राहू द्या," गावंडे म्हणाले. आणि चिमण्या येतात का ते बघत त्यांनी आपल्यापुढचाच कप तोंडाला लावला.