दुसऱ्याच्या प्रमोशनचे लाडू

शब्दांच्या बाबतीत माझा हात धरणारा जयपूरच्या आमच्या रेल्वे कॉलनीत कुणी नाही, हे आधीच सांगून टाकतो! लग्नाची पत्रिका असो की साहेबांचं निरोपाचं भाषण, लोक भीमरावाच्याच दारात येतात. म्हणून तर मुरलीधरजींच्या सत्काराचं भाषणही माझ्याच गळ्यात पडलं.

मुरलीधरजी आमचे शेजारी. प्रमोशनची परीक्षा आम्ही दोघांनी बरोबरच दिली. ते ऑफिस सुपरिंटेंडेंट झाले, मी होतो तिथेच राहिलो. आणि आता संध्याकाळी माइकसमोर उभं राहून 'मला फार आनंद झालाय' हे शंभर लोकांना पटवायचं होतं!

दुसऱ्याच्या सुखाने होणाऱ्या आनंदाला एखादा भारी शब्द हवा होता. उलट बाजूचे भराभर सुचले. हेवा, मत्सर, असूया, जळफळाट, पोटदुखी! या बाजूचा एकही सुचेना.

इकडे आमची सुलोचना सकाळीच बेसन भाजायला बसलेली.

"एवढे लाडू कशाला?"

"मुरलीधरजींना प्रमोशन मिळालं ना! कॉलनीत वाटते."

"अगं, प्रमोशन त्यांचं, लाडू ते वाटतील!"

"त्यांचे ते वाटतील. आनंद मलाही झालाय, माझे मी वाटते."

ती डबा घेऊन आमची लेक गौतमीबरोबर निघाली. तासाभरात आमच्या दारात ही गर्दी!

"बधाई हो, भीमरावजी!"

"अहो, माझं नाही, मुरलीधरजींचं..."

"लड्डू आपके घर के और प्रमोशन दूसरे का? मजाक मत करो!"

एकाने गळ्यात हार घातला, दुसऱ्याने डोक्यावर साफा चढवला. गौतमी धापा टाकत आली. "बाबा, मम्मीने हर घरी सांगितलं, मतलब, कुणी बिलीव्हच नाही केलं!"

तेवढ्यात गर्दीतून मुरलीधरजी पुढे आले. चेहरा पांढराफटक. गावी, बगरूला, आईला फोन करून झाला होता बिचाऱ्यांचा! माझा हार बघितला, साफा बघितला आणि हळूच म्हणाले, "भीमरावजी, मेरा नाम कट गया क्या?"

मी, शब्दांचा बादशहा, "अं... अं..." करत राहिलो!

सुलोचना मागून आली आणि तिने थेट त्यांच्या हातावर लाडू ठेवला. "भाईसाहब, आपके ही हैं. आप सुपरिंटेंडेंट बने, हमको खुशी हुई, तो बाँट दिए."

मुरलीधरजी पायरीवरच बसले. लाडू खाता खाता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "भाभीजी, मेरे सगे भाई ने फोन तक नहीं किया."

मी बायकोकडे बघतच राहिलो. वीस वर्षांच्या संसारात एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. साफा काढून मी मुरलीधरजींच्या डोक्यावर ठेवला आणि आत जाऊन तिला विचारलं, "सुलोचना, याला काय म्हणायचं गं?"

"मुदिता. दर रविवारी विहारात मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा म्हणता ना? आवाज तर सगळ्यांत मोठा तुमचाच असतो!"

संध्याकाळी मुदितेवर असा बोललो की टाळ्या थांबेनात! घरी आलो, तर सुलोचनाने डबा पुढे केला. "सगळ्या कॉलनीने खाल्ले, तुम्ही तेवढे राहिलात."

तुमच्यापासून काय लपवायचं? पहिला लाडू घशाखाली उतरेना. दुसरा जरा बरा लागला. मुदिता यायला मला पाच लाडू लागले!