वझेकाकांचे टक्के

अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलच्या वझेकाकांना तुम्ही नुसतं "पाणी देऊ का?" विचारलंत, तरी उत्तर टक्क्यांत येतं. "तहान साठ टक्के. अर्धाच ग्लास दे."

काकांच्या बेसमेंटमध्ये आम्ही राहतो. नवरा इथल्या एका इंडियन हॉटेलात कुक आहे, मी वर काकांचा स्वयंपाक बघते. परक्या मुलखात या माणसानं आम्हाला छप्पर दिलं, म्हणून त्यांचं सगळं मी ऐकून घेते. आज बर्फ पडणार, ऐंशी टक्के. सुमनचा, म्हणजे माझा, भात करपणार, चाळीस. मंडळाच्या गणपतीत एका नवरीच्या बापाला त्यांनी सांगितलं, "लग्न टिकेल, सत्तर टक्के." तेव्हापासून लोक आपापला मोदक घेऊन काकांपासून लांब बसतात.

काकांच्या हृदयाची एक झडप आकसलीय. डॉक्टर म्हणाले, बदलू या. काका म्हणाले, नको. "न बदलता किती चालेल?" त्यावर डॉक्टर म्हणाले, ते माणसागणिक वेगळं असतं, धाप आणि चक्कर यांवर लक्ष ठेवा. एवढ्यानं काकांचं भागतंय होय? रोज सकाळी मुद्दाम बेसमेंटचा जिना उतरून पुन्हा वर चढून येतात आणि विचारतात, "सुमन, धाप ऐकू आली?"

मी तर स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा बंद करून, जीव मुठीत धरून तेवढंच ऐकत असते. "थोडीशी, काका."

"थोडीशी हा आकडा नाही, सुमन."

सनीव्हेलहून काकांचा मुलगा फोनवर चिडतो. "बाबा, प्लीज, सर्जरी करून टाका ना."

"झडप माझी, टक्के माझे. तू तुझी मीटिंग बघ."

परवा काका जिन्याच्या मधल्याच पायरीवर बसले. ओठ पांढरेफटक. मी पाणी घेऊन धावले. त्यांनी अख्खा ग्लास संपवला, एकही टक्का न सांगता. मला रडूच फुटलं.

"काका, ऑपरेशनचे किती टक्के असतात हो?"

त्यांनी रिकामा ग्लास पायरीवर ठेवला. "तुझ्या काकूला मी पंच्याण्णव सांगितले होते. टेबलावर न्यायच्या आधी. हसत आत गेली ती."

मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसले.

"आता माझे तू सांग," काका म्हणाले.

"मला नाही येत, काका. टक्के शिकवायच्या आत माझी शाळा सुटली."

काकांनी कठड्याऐवजी माझा खांदा धरला आणि हळूच उठले.

"बरं झालं," म्हणाले. "मग डॉक्टरकडे तूच चल माझ्याबरोबर."